काळा घ्यावा की चंदेरी?

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आम्ही वापीजवळ दादऱ्याच्या एका धाग्याच्या कंपनीत, पॅकिंग खात्यात. जेवायच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "पाटील, ते कॅमेऱ्याचं सांगा ना!" कॅमेऱ्याचं म्हणजे एक नाही, चांगले पाच-सहा किस्से आहेत. आणि खरं सांगू? त्यातला एकही मला अजून नीट कळलेला नाही.

झालं असं. आमच्याकडे मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. आत फोटो काढायची सोयच नाही. इकडे माल घेणाऱ्या पार्ट्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, खोकी फाटलेली मिळाली म्हणून. आता ती इथे फाटली की वाटेत, कोण सांगणार? सगळं खापर वाघवर! वाघ म्हणजे आमचा फोर्कलिफ्टवाला, शहाद्याकडचा, बारा वर्षं त्याच सीटवर. दोन तक्रारी झाल्यावर मॅनेजर मेहता साहेबांनी त्याला सांगूनच टाकलं, "तिसरी आली की खाली उतरायचं आणि हमालीला लागायचं."

मग साहेबांनीच तोड काढली. प्रत्येक भरलेल्या ट्रकचे फोटो काढायचे, तारखेसकट. त्यासाठी एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा. वापीच्या दुकानातून दोन कॅमेरे आठ दिवस वापरून बघायला आले, एक काळा, एक चंदेरी. निवडायचा कोणी? मी! टोकरखाड्याच्या बाजारात भाजी घेतानाही बायकोला दोनदा फोन करणारा माणूस मी!

*

पहिल्या दिवशी क्वालिटीच्या सावंत मॅडमनी दोन्ही कॅमेऱ्यांच्या खोक्यांवरची माहिती वाचून दाखवली. मॅडम मालवणच्या, वाचतात एकदम स्पष्ट. "काळा सोळा मेगापिक्सेल, चंदेरी वीस."

वाघने विचारलं, "वीसमधी खोकी जास्त दिसतीन का भो?"

स्टोअरचे जयेशभाई म्हणाले, "जास्त म्हणजे जास्तच ने!" पण वाघचं समाधान होईना. शेवटी चोवीस खोक्यांचं एक पॅलेट उभं केलं, दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले आणि मोजले. याच्यातही चोवीस, त्याच्यातही चोवीस.

"मंग वरचे चार कुठं गेले?" वाघ माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "ते आतल्या बाजूला असतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

*

दुसरा किस्सा गेटवरचा. गेटवर आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं माप रजिस्टरमध्ये लिहायची पद्धत आहे, मग तो पाइप असो की पाना. कॅमेरे आत आले तेव्हा काळा चालू होता, त्याची लेन्सची नळी बाहेर आलेली. सिक्युरिटीवाल्याने पट्टी लावून लिहिलं, "लंबाई पाँच इंच."

दोन दिवसांनी काळ्याचा चार्जर बदलायला मी तोच कॅमेरा बाहेर नेत होतो. बंद होता, नळी आत. त्याने पट्टी लावली आणि मला अडवलं. "अंदर गया तब पाँच इंच था. बाकी का कहाँ रखा?"

मी कॅमेरा चालू केला. नळी बाहेर आली. त्याने पुन्हा मोजलं, पाच भरले. पण भाऊ म्हणतो कसा, "ऐसे ही चालू रखके बाहर ले जाओ. रास्ते में छोटा नहीं होना चाहिए!"

*

एवढं होऊनही कुठला घ्यायचा ते ठरेना. मी ऑफिसच्या फोनवरून दुकानदारालाच विचारलं. तो म्हणाला, "किस चीज का फोटो निकालना है?"

"खोके का."

"खोका हिलता है?"

"नहीं."

"फिर दोनों बेस्ट है!" आणि फोन ठेवला. अरे, दोन्ही बेस्ट आहेत म्हणूनच तर फोन केला होता ना!

*

मग हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. चार चिठ्ठ्या निघाल्या. एक काळा, एक चंदेरी, एक "साहेब म्हणतील तो", आणि एक कोरी. कोरी माझी होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी सावंत मॅडम वैतागल्या. "ज्याची सीट जाणार आहे त्यालाच विचारा की!" वाघने दोन्ही कॅमेरे हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "चंदेरी. याच्यात तारीख लाल अन् मोठी येते. साहेब म्हननार नाही की दिसली नाही." मला तर गलबलूनच आलं. आम्ही आठवडाभर पिक्सेल मोजत बसलो आणि हा बिचारा आपली नोकरी वाचवायला बघत होता.

*

काळा परत गेला आणि त्याच दिवशी जयेशभाईंनी चंदेरीचं कुठलंतरी बटण दाबलं. पडद्यावरची सगळी अक्षरं बदलली. चिनी की जपानी, देव जाणे! वर त्याला नवीनच खोड लागली. समोर कुणी हसलं तरच फोटो निघायचा. बटण दाबा, नाहीतर हात जोडा, हसल्याशिवाय कॅमेरा ढिम्म.

आता खोकी कशी हसणार? मग आम्ही उपाय काढला. ट्रक भरला की वाघने खोक्यांपुढे उभं राहून हसायचं. वाघ मुळात गंभीर माणूस, पण सीटसाठी हसायचा बिचारा, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून. फोटो मी काढायचो. एवढा मोठा ट्रक, त्यात एक माणूस कितीसा झाकणार, असा आमचा हिशेब.

*

आणि तिसरी तक्रार आली. भिवंडीची पार्टी. खालच्या थरातली, डाव्या कोपऱ्याची चार खोकी फाटलेली. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि त्या ट्रकचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. एकूण सहा फोटो. सहाही फोटोंत डाव्या कोपऱ्यापुढे वाघ, हसतोय.

"वाघ, कोपरा कुठाय?"

"माझ्या मागं, साहेब."

फोटो मी काढले होते, त्याला तिथे उभा मी केला होता. मी सगळं सांगितलं, हसण्याचं, बटणाचं, चिनी अक्षरांचं. साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी कॅमेरा घेतला, वाघवर धरला आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"हस जरा."

वाघने प्रयत्न केला. ओठ नुसते थरथरले. "आज नाही जमत, साहेब."

साहेबांनी कॅमेरा खाली ठेवला. कॉम्प्युटरवरच्या हसणाऱ्या वाघकडे पाहत राहिले. मग जयेशभाईंना म्हणाले, "पार्टीला मेल करा. माल इथून चांगला गेला आहे, सोबत फोटो जोडला आहे."

"कुठला फोटो, साहेब? सगळ्यांत वाघच आहे!"

"हाच. वाघचं हसू सगळ्यात मोठं दिसतंय तो."

मेल गेला. आम्ही तिथेच उभे. वाघने फोर्कलिफ्टची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली होती, न सांगताच. अर्ध्या तासाने भिवंडीहून उत्तर आलं. साहेबांनी एकदा मनात वाचलं, एकदा चष्मा लावून वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं:

"फोटो देखा. इतना हँसके भेजा हुआ माल खराब कैसे होगा? कम्प्लेंट कॅन्सल समझो."