पॅकिंगचा खर्च

कळंब रोडवरच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सगळे चाचा म्हणायचे, म्हणून मीही. नाव कधी विचारलंच नाही. बोलताना ते माणसाकडे नाही, इंजिनाकडे पाहायचे. माझ्या गाडीतून तेल गळायला लागलं तेव्हा बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, “पॅकिंग गेलं, बाई. पॅकिंग सस्तं हाय, पन इंजिन खोलाचा खर्च लय.”

इंजिनाच्या जोडातल्या गॅस्केटला पॅकिंग म्हणतात, हे तेव्हाच्या मला, त्या गॉगलवाल्या बयेला, कुठलं ठाऊक! मी ऐटीत म्हणाले, “मग पॅकिंग कशाला करता? अशीच चालवत नेते.”

आता हे ऐकून माझी नातवंडं हसून लोळतात. चाचा हसले नाहीत. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. गळक्या जीपा लोकांनी घरीच उभ्या केल्या होत्या. दुकानात माझी एकटीचीच गाडी होती.

दुरुस्ती झाल्यावर मी किल्ली मागितली, तर ते हात पुसत म्हणाले,

“आठ रोज राहू द्या ना, बाई. गाडी उभी दिसली का गिऱ्हाईक थांबते. रिकामं दुकान पाहून कोनी येत नाही.”

ठेवली. एसटीने ऑफिसला जाताना खिडकीतून रोज दिसायचं. बोनेट उघडं, आणि चाचा त्या धडधाकट इंजिनात वाकून काहीतरी करत असल्यासारखे. शेजारी दुसरी गाडी काही आली नाही.