रांगोळीतली क्लेअर काउंटी

दिवाळीसाठी कपाटातून डबा काढताना निळी रांगोळी हातावर सांडली आणि आयर्लंडमधल्या शॅनन गावातली वीस वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. माझी मुलगी ईरा शाळेसाठी पुठ्ठ्यावर क्लेअर काउंटीचा, म्हणजे आमच्या तिथल्या जिल्ह्याचा, नकाशा करत होती. साताऱ्याहून आलेली माझी आई ओल्या डिंकावर चिमटीतून शॅनन नदी सोडत होती.

"स्लोली, आजी," ईरा म्हणाली.

"आणि किल्ले कुठे गं तुमचे?" आईने विचारलं. ईराने जिथे जिथे बोट ठेवलं, तिथे तिथे आईने कुंकू लावलं.

नकाशा घेऊन आम्ही शाळेत गेलो, तेव्हा बाईंनी ईराला विचारलं, तू कुठली?

"क्लेअर."

"मूळचे साताऱ्याचे," मी घाईने दुरुस्ती केली. तिचं उत्तर मला टोचलं होतं.

आज ईरा त्याच शाळेत शिकवते. काउंटीचा धडा आला की तिच्या वर्गातली मुलं चिमटीतून शॅनन सोडतात, आणि किल्ल्यांना कुंकू लागतं.