शेवटी चालणारे मास्तर

दिवाकरराव पुन्हा एकटेच मागे राहिले तर? आठवडाभर, सहलींना मदतीला जाणाऱ्या इंदुमतीबाईंच्या डोक्यातून हे जात नव्हतं. होळकरी शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर निसर्ग मंडळाच्या मुलांना पक्षी दाखवायला नेत. पोरांच्या जोड्या लावायच्या आणि स्वतः सगळ्यांच्या मागून चालायचं, ही त्यांची शिस्त. एक पोर कधी हरवलं नव्हतं.

गेल्या रविवारी बेटम्याच्या तळ्यावर इंदुमतीबाईंनी चोवीस मुलं मोजून मोटारबसमध्ये बसवली आणि बस सुटली. मास्तरांना मोजायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मैलभर गेल्यावर लेक सुमनने विचारलं, "आई, मास्तरजी कुठे?"

परत येऊन पाहिलं तर ते बांधावर छाती धरून बसलेले. "बाई, माझ्या लेकाला, गजाननला सांगू नका हं. तो सहली बंद करेल. मग काय घरात पाली मोजत बसू?"

इंदुमतीबाईंनी तसा शब्द दिला होता. आज मात्र उद्याच्या सहलीची यादी आली, आणि सगळ्यांच्या मागून चालायला पुन्हा मास्तरांचंच नाव होतं. मास्तर आता आपल्याशी कधी बोलायचे नाहीत, हे त्यांना कळत होतं. तरी थकल्या पावलांनी त्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाकडे निघाल्या. गजाननच्या कचेरीत फोन लावायला.