एकेका हाताने केलेलं रॉकेट

डायलिसिस विभागात मी मशीन चालवायचो आणि मावशी फरशी पुसायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. मोठ्या डॉक्टरांपासून पेशंटच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. इथे येण्याआधी अकरा वर्षं त्या खोक्यांच्या कारखान्यात होत्या. पुठ्ठा कापणाऱ्या मशीनने एके दिवशी बोटं नेली. त्यानंतर त्या घरी बसून सगळं नव्याने शिकल्या. कागद कोपराने दाबायचा, खोका हनुवटीखाली धरायचा, चिकटपट्टी दातांनी तोडायची. दोन महिन्यांत पहिल्यासारखी खोकी करायला लागल्या, पण तोवर कारखान्यात त्यांच्या जागी दुसरी बाई लागली होती. मग त्या आमच्याकडे आल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही फडकं पिळता पिळता.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळची पाळी लहान मुलांची असे. त्यातली दोन मुलं शेजारशेजारच्या खाटांवर असायची. एक बारा वर्षांचा मुलगा. तो इतका ऐटीत बोलायचा, की सिस्टरने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. दुसरी नऊ वर्षांची मुलगी, तिला सगळे चौकशी म्हणत. मशीनमधलं रक्त कुठे जातं, परत येताना गार का लागतं, छतावरच्या पंख्याला तीनच पाती का, तिचं विचारणं संपत नसे.

चार तास एक हात हलवायचा नाही. पाणी मागायचं नाही, कारण दिवसभराचं पाणी मोजून ठरलेलं. साहेब डावखुरा, म्हणून त्याच्या उजव्या हाताला सुया. चौकशीच्या डाव्या हाताला. दोघांची मशीनं बाहेरच्या बाजूंना होती, त्यामुळे मोकळे हात एकमेकांच्या बाजूला यायचे. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण लक्षात आलं ते मावशींच्या.

एका मंगळवारी चौकशीने त्यांना विचारलं, "मावशी, चंद्रावर दवाखाना आहे का?"

"मला काय ठाऊक बाई. मी कुठे गेलेय?"

"मग जायचं कसं?"

मावशींनी कागदाच्या रिळातली पुठ्ठ्याची नळी आणली. ती साहेबाच्या हातात दिली आणि कात्री चौकशीच्या. "तू धर. तू काप. या टोकाला समोरासमोर दोन चिरा."

"एका हाताने कसं जमणार?" साहेब म्हणाला.

मावशींनी आपला डावा हात त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नळी घट्ट पकडली.

त्या दिवशी रॉकेट झालं. कागदाच्या अर्ध्या गोलाची गुंडाळी करून वर टोक बसवलं, चिरांत पुठ्ठ्याचे पंख सरकवले. एक पंख वाकडा बसला. साहेबाने सांगितलं, की वळण घ्यायला तो वाकडाच लागतो.

गुरुवारी मुख्य सिस्टरने ते पाहिलं. "मावशी, हा कचरा इथे चालणार नाही. या मुलांना साधी धूळ भोवते. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

मावशींनी रॉकेट उचललं, घेऊन गेल्या. चौकशी रडली, साहेब भिंतीकडे तोंड करून पडला. शनिवारी मावशी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेऊन सिस्टरच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. डब्यात कोरा पुठ्ठा, नवीन चिकटपट्टी, पाकीटबंद कापूस आणि बोथट टोकाची कात्री होती. डिंक नाही, रंग नाही, चमकी नाही.

"कात्री आणि डबा रोज स्पिरिटने पुसेन," त्या म्हणाल्या. "मशीनकडे काही जाणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर हे पण घरी नेईन."

सिस्टरने एकेक वस्तू उचलून पाहिली. मग म्हणाली, "पुसताना माझ्यासमोर पुसायचं."

पुढचे सात-आठ महिने त्या दोन खाटांच्या मधे सतत काहीतरी चाललेलं असे. काळ्या कागदाला पेनाच्या टोकाने भोकं पाडायची आणि कागद खिडकीकडे धरायचा, की तारे दिसत. चुरगळलेल्या कागदाच्या गोळ्याला लांब पट्ट्या चिकटवून धूमकेतू. चांदीच्या कागदाचा चंद्र, त्यावर पेनाचं टोपण दाबून खड्डे. कागद हलू नये म्हणून मावशी त्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा स्टीलचा किडनी ट्रे ठेवत. साहेब म्हणायचा, "चला, या खोलीत एक तरी किडनी कामाची निघाली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुठे बघावं कळेना. मावशी मात्र खळखळून हसल्या, आणि मग तोही हसला.

ग्रह करताना त्याने प्लूटोही करायला लावला. मी म्हटलं, अरे, त्याला ग्रहांतून काढलाय. तो म्हणाला, "लहान आहे म्हणून काढायचं? त्याला कोणी विचारलं होतं?" आम्ही प्लूटो ठेवला.

थंडीत त्याला ताप आला. मंगळवारी तो आला नाही. गुरुवारी कळलं, की त्याला वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात ठेवलंय. रक्तात जंतू गेले होते. मावशी कामं आटोपून दोनदा वर जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा काचेतून बघून परतल्या. शनिवारी पहाटे तो गेला.

त्या सकाळी चौकशी आली तेव्हा शेजारच्या खाटेवर नवी चादर होती. फोन आल्यावर बाबांनी तिला घरीच सांगितलं होतं. ती सुया टोचताना रडली नाही, पंख्याबद्दल विचारलं नाही. मावशींनी डबा आणला तर तिने मान फिरवली.

तासभर गेला. मग ती म्हणाली, "बाबा म्हणतात, तो तारा झाला. खरं आहे?"

मी मशीनवरचे आकडे बघत उभा होतो. मला वाटलं, मावशी हो म्हणतील. कोणीही म्हटलं असतं. मावशी स्टूल ओढून बसल्या. हातातलं फडकं त्यांनी बाजूला ठेवलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तारे माणसांच्याही आधीपासून आहेत. माणसाचा तारा होत नाही. तो वारला. फार आजारी होता."

"म्हणजे परत येणार नाही."

"नाही येणार."

"मी पण मरणार?"

मावशींनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "कधीतरी सगळेच. पण तुझे डॉक्टर तुला बरं करायला बघतायत. मी रोज बघते ना त्यांना. उगाच धीर द्यायला सांगत नाही तुला."

ती मग रडली, मोठ्याने, मशीनची घंटा वाजेपर्यंत. मी घंटा बंद केली. मावशींनी तिला उगी केलं नाही, फक्त तिचा मोकळा हात धरून बसल्या. बाबा दारात उभे होते. मला भीती वाटली, ते भांडतील. पाळी संपल्यावर ते मावशींकडे आले आणि म्हणाले, "मला नसतं सांगता आलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तीन आठवड्यांनी साहेबाची आई आली. हातात कागदपत्रांची पिशवी होती, कसली तरी सही हवी होती. सही झाल्यावरही ती गेली नाही. त्या खाटेवर आता दुसरं मूल होतं, म्हणून ती दाराशीच उभी राहिली. मावशींनी तिला आत आणून स्टुलावर बसवलं.

"पाळीच्या वेळी आम्हाला बाहेर बसवायचे," ती म्हणाली. "इथे तो काय बोलायचा, मला माहीतच नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी चौकशीकडे. चौकशीने खूप दिवसांनी तोंड उघडलं. तिने प्लूटोचं सांगितलं, वाकड्या पंखाचं सांगितलं. किडनी ट्रेचा विनोदही सांगितला आणि मग घाबरून थांबली. आईच्या तोंडून हसू फुटलं. ती हसत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

"घरी तर शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली.

"इथे आम्हाला बोलू द्यायचा नाही," चौकशी म्हणाली.

मावशींनी डब्यातून त्याच्या वस्तू काढून दिल्या. आईने धूमकेतू आणि चंद्र घेतले. बाकीचं राहू दे म्हणाली, इथल्या मुलांना लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात चौकशीला तिच्या आत्याची किडनी बसली आणि ती आमच्याकडे यायची बंद झाली. मावशी आणखी सहा वर्षं कामावर होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन मूल यायचं, पहिल्या दिवशी घाबरून हात आखडून पडायचं. मावशी फरशी पुसून घेत, हात धूत आणि त्याच्या शेजारी बसून विचारत, "तुझा कुठला हात मोकळा आहे?"