विठाबाईला कुणी सांगितलंच नाही

ओल्या फरशीवर पाय घसरला, विठाबाईनं हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. वय त्रेचाळीस. बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या एका इमारतीत ती चार घरी स्वयंपाक करायची.

डॉक्टर सौम्यांनी एक्स-रे पाहिला. हाडं साठीच्या बाईची असावीत तशी झाली होती. पाळी कधी बंद झाली, असं त्यांनी विचारलं. दहा वर्षं झाली, पिशवी काढली तेव्हापासून, असं विठाबाई म्हणाली. नुसती पिशवी, की अंडाशयंही? हा प्रश्न तिला कळलाच नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनचे कागद घेऊन यायला सांगितलं.

ऑपरेशन झालं तेव्हा ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गावी राहायची. पाळीत अंगावरून फार जायचं. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरानं पोट तपासल्यासारखं केलं, पुढे कॅन्सर होईल म्हणाला आणि चौथ्या दिवशी तिला टेबलावर घेतलं. टाके सुकले, पण दोन महिन्यांत अंगातून आगीचे लोट उठायला लागले. भर थंडीत पोलकं भिजायचं. छाती धडधडायची. झोप उडाली. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की आत चिरल्यासारखं दुखायचं. एकदा ती रडत नको म्हणाली, तर महांतेशनं अंथरूण उचललं आणि तो कायमचा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. सासूबाईंनी, अंबूबाईंनी, हिच्या अंगात काहीतरी शिरलंय असं ठरवून तिला एका देवऋष्याकडे नेलं. त्यानं कडुनिंबाच्या डहाळ्यांनी मारलं. ती मुकाट्यानं बसून राहिली, कारण तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

बेंगळुरूला आल्यावरही सुटका नव्हती. शेगडीजवळ उभी असताना अंग पेटलं की ती नळाखाली पदर भिजवून मानेवर ठेवायची. एका घरी मालकिणीवर खेकसली, ते काम गेलं. महांतेश चारचौघांत सांगायचा, आमच्या बायकोचा स्वभावच बिघडलाय.

पत्र्याच्या पेटीतून कागद निघाले. डॉक्टर सौम्यांनी ते वाचले. मग त्यांनी कन्नडमध्ये सावकाश समजावलं. दोन्ही अंडाशयं काढली होती. पन्नाशीच्या आसपास हळूहळू येणारी पाळी बंद होण्याची अवस्था तिच्यावर तेहतिसाव्या वर्षी एका दिवसात आदळली होती. ती आग, ती धडधड, तो संताप, ठिसूळ होत गेलेली हाडं, सगळं त्यातूनच आलेलं. तेव्हाच योग्य औषधं मिळाली असती तर बराचसा त्रास टळला असता. आता हाडं आणखी झिजू नयेत, एवढं बघता येईल. कागदाखाली, संमतीच्या सहीच्या जागी महांतेशचं नाव होतं.

घरी येऊन तिनं त्याच्यापुढे कागद धरला.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं कागदाकडे बघितलंही नाही. "डॉक्टर म्हणाले, पोट उघडलंच हाय, तर सगळंच काढू. परत कटकट नको. मी सरी, करा म्हणालो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगून काय कळणार हुतं?"

देवऋष्याकडे नेलं तेव्हा हा मागे उभा होता, तेव्हाही त्याला ठाऊक होतं, हे तिच्या ध्यानात आलं. मुद्दाम लपवलं असतं तरी एक वेळ बरं, असं तिला वाटलं. त्याला ते सांगण्याजोगंच वाटलं नव्हतं.

तिनं अंबूबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गावातल्या अर्ध्या बायकांचं त्याच डॉक्टरानं केलंय, तू एकटीच का ओरडतेस.

प्लास्टर निघालं, पण डाव्या हाताला पहिलं बळ आलं नाही. कणीक मळवत नाही म्हणून दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. विठाबाई गोळ्या घेते, उरलेल्या दोन घरी जाते. महांतेश अजून बाहेरच्या खोलीत झोपतो. मधल्या दाराला आता ती आतून कडी लावते. त्यानं एकदाही त्याबद्दल विचारलेलं नाही.