निळ्या सदऱ्याची बटणं

पत्नी गेल्यावर सुतक असेपर्यंत घरात गॅस पेटला नाही. नातेवाईक जेवण आणून देत. सुतक फिटलं, तरी मी तो पेटवला नाही. लातूरच्या त्या दोन खोल्यांत बिस्किटं, चिप्स आणि पाकिटातल्या नूडल्सवर वर्ष काढलं. खाऊनही समाधान होत नसे, म्हणून आणखी एक पाकीट फोडायचो. डॉक्टरांनी वजनाबद्दल बजावलं होतं. पण तिने शेवटच्या दिवाळीला आणलेला निळा सदरा पोटावर बसेना, तेव्हा मी घाबरलो.

रेणापूरहून धाकटी बहीण आली. कचऱ्याची बादली पाहून म्हणाली, "दादा, सुतक कवाच फिटलं. तू अजून धरून बसलास व्हय?"

"मला भाकरी येत नाही."

"मग शिक की! एवढी पुस्तकं वाचलीस, पीठ मळायला काय परीक्षा हाय?"

माझी पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. ती हसली, मग मीही. तुकडे आम्ही वरणात कुस्करून खाल्ले. त्या दिवशी पुन्हा पाकीट फोडावंसं वाटलं नाही.

आता रोज भाकरी करतो. काल सदऱ्याचं पोटावरचं एक बटण लागलं. त्याखालचं अजून लागत नाही. सदरा मात्र कपाटातून काढून दारामागच्या खुंटीला अडकवलाय.