हर्मियाची पट्टी

रोमच्या राज्यातल्या पुतिओली बंदरात माझी हरभरे भाजायची चूल आणि हर्मियाचं मेज, मध्ये फक्त एक खांब. तो कोसिनियस सराफाचा गुलाम, नाणी पारखणारा. बावीस वर्षं मी त्याला पाहिलं, आणि सांगते, इतका हट्टी माणूस देवांनी दुसरा घडवला नसेल. माझे हरभरे फुकट खायचा आणि वर मीठ कमी पडलं म्हणून मलाच ऐकवायचा.

सम्राटाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण नाण्यांवरून त्याची सगळी खबर असायची. यंदा मान आणखी जाड झाली, हनुवटी एक वाढली, असं तो बिनधास्त बोलायचा आणि मी घाबरून आजूबाजूला बघायची. नाणी वाजवून, हुंगून, बोटांनी चोळून झाली की तो पिशवीचं तोंड बांधायचा आणि गाठीला हाडाची पट्टी लावायचा. 'कोसिनियसच्या हर्मियानं तपासलं', खाली तारीख. ती पट्टी दिसली की पिशवी उघडून बघायची गरज कुणाला वाटत नसे.

त्या वर्षी मालकानं शब्द दिला होता, सॅटर्न देवाच्या सणाला तुला मोकळं करतो, मग पट्टीवरचं नाव तुझं स्वतःचं असेल. सण दोन दिवसांवर आला आणि आरमाराच्या पगाराचा अधिकारी पिशवी घेऊन उभा राहिला. हर्मियानं पहिली तीन नाणी वाजवली आणि बाजूला सारली. वरून चांदीचा पत्रा, आत तांबं. अधिकारी मालकाच्या कानाशी लागला. मालकानं कोरी पट्टी पुढे सरकवली आणि नाव घालायला सांगितलं. हर्मिया हलला नाही.

तेव्हा अधिकाऱ्यानं आवाज चढवला. "यावर सम्राटाचा चेहरा आहे. तू सम्राटाला खोटं म्हणतोस?"

ज्यांचा तो पगार होता ते खलाशी माझ्या चुलीपाशीच हरभरे खात उभे होते. त्यांच्या माना वळल्या. अशा प्रश्नापायी माणसं जिवानिशी गेली होती.

हर्मियानं एक नाणं दगडावर ठेवलं, छिन्नी त्या जाड मानेवर टेकवली आणि हातोडी घातली. आतलं तांबडं साऱ्यांना दिसलं.

"सम्राट खराच आहे, साहेब," तो म्हणाला. "त्याला तांब्यावर कुणी चिकटवलं, ते तुम्ही सांगा."

खलाशी मेजाभोवती जमले. अधिकारी पिशवी उचलून निघाला तेव्हा त्यांच्यातले दहाबारा जण त्याच्या मागोमाग गेले.

मालक रागानं लालबुंद झाला होता. "परवा तुला मोकळं करणार होतो. आता मरेपर्यंत इथंच बसशील."

हर्मियाचे डोळे भरून आले. मला त्या कोसिनियसच्या तोंडावर निखारे फेकावेसे वाटले.

"बसतो," हर्मिया म्हणाला. "मोकळं करून तुम्ही मला माझं नाव तेवढं देणार होतात, मालक. ते मी आजच घेतलं."